ब्रॅडी स्ट्रीटची चढण : पामर कॉलेजची वाटचाल

मिसिसिपी नदी आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट शहरापाशी आपली दक्षिणेची वाट सोडून काही मैल आडवी वाहते. तिच्या काठावरून निघालेला ब्रॅडी स्ट्रीट हा रस्ता लगेच चढणीला लागतो आणि टेकडीवर पोचता पोचता पामर कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टिकच्या इमारती दिसू लागतात. हातांनी मणक्यांवर उपचार करणाऱ्या या व्यवसायाचे हे जगातले पहिले विद्यालय. १८९७ हे संस्था आपले स्थापनावर्ष मानते. या व्यवसायाची बहुतेक जुनी विद्यालये एक तर इथल्या विद्यार्थ्यांनी काढली, नाही तर इथे भांडून बाहेर पडलेल्यांनी. भांडून बाहेर पडलेल्यांची संख्या थोडी नाही.

संस्था उभी राहिली ती एका विचारावर. शरीराचा सारा कारभार मेंदू आणि मज्जासंस्था चालवते; मणका जागचा हलला की त्याच्या शेजारून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूला अडथळा होतो आणि अडथळ्यातून आजार जन्मतो; मणका हाताने जागेवर आणला की शरीर स्वतःला बरे करते, असा तो विचार. सव्वाशे वर्षांत त्याला न्यायालयात आधार मिळाला, शवविच्छेदनाच्या टेबलावर धक्का बसला आणि अखेर प्रयोगशाळेत त्याची तपासणी झाली. संस्थेची वाटचाल आणि या विचाराची वाटचाल वेगवेगळी सांगता येत नाही.

संस्थापक डॅनियल डेव्हिड पामर यांचा जन्म ७ मार्च १८४५ रोजी कॅनडातील टोरांटोजवळच्या भागात झाला. १८६५ मध्ये ते अमेरिकेत आले. शाळामास्तरकी, मधमाश्यापालन, किराणा दुकान, शोभेचे मासे विकण्याचा धंदा अशी बरीच वळणे घेत चाळिशीच्या सुमारास ते ‘चुंबकीय उपचारक’ झाले. रुग्णाच्या दुखऱ्या भागावर हात ठेवून आपल्या शरीरातली शक्ती त्याच्यात सोडायची, अशी ती पद्धत होती. आज ती भाबडी वाटेल. पण ज्या काळात डॉक्टरच्या पेटीत पाऱ्याची औषधे असत, त्या काळात नुसता हात ठेवणारा माणूस निदान अपाय तरी करत नसे. १८८७ पासून डेव्हनपोर्टच्या रायन ब्लॉक या इमारतीत त्यांचा दवाखाना चालू होता आणि चांगला चालत होता.

त्याच इमारतीत हार्वी लिलार्ड हे कृष्णवर्णीय गृहस्थ साफसफाईचे काम पाहत. सतरा वर्षांपासून त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हते. वाकून जोर लावताना पाठीत काहीतरी ‘कट्’ झाले आणि तेव्हापासून ऐकू येणे गेले, असे त्यांनी पामर यांना सांगितले. पामर यांनी पाठ तपासली. एक मणका वर आलेला त्यांच्या हाताला लागला. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी त्या मणक्याच्या मागच्या टोकावर तळहाताने झटका दिला आणि लिलार्ड यांना रस्त्यावरच्या गाड्यांचा खडखडाट ऐकू येऊ लागला, असे पामर यांचे म्हणणे. हीच तारीख व्यवसायाचा जन्मदिवस म्हणून पाळली जाते. लिलार्ड यांच्या मुलीने पुढे सांगितलेली हकिकत निराळी आहे: वडील कोणाला तरी विनोद सांगत होते, तो ऐकून पामर यांना हसू आले, त्यांनी हातातले पुस्तक वडिलांच्या पाठीवर थोपटले आणि ऐकू येण्यातली सुधारणा काही दिवसांनी जाणवली. शरीररचनेचे पुस्तक तर दोन्ही हकिकतींना अडचणीत टाकते. ऐकण्याचा मज्जातंतू आतल्या कानातून निघून कवटीच्या आतच मेंदूच्या बुंध्याला मिळतो; पाठीच्या मणक्यांच्या वाटेला तो जातच नाही. त्या दिवशी नेमके काय घडले हे ठरवायला आता साधन नाही. पुढे जे घडले त्याची मात्र कागदोपत्री नोंद आहे.

पामर यांनी लिहून ठेवले आहे, की लिलार्ड यांच्यानंतर हृदयाची तक्रार असलेला एक रुग्ण आला आणि त्याच्याही पाठीत एक मणका जागेवर नसल्याचे त्यांना आढळले. बहिरेपण आणि हृदयविकार हे दोन इतके वेगळे आजार जर मणक्यामुळे होत असतील, तर बाकीच्या आजारांचे काय? या प्रश्नातून त्यांचा सिद्धान्त वाढत गेला आणि पंचाण्णव टक्के आजारांचे मूळ मणक्यात आहे, असे सांगण्यापर्यंत त्यांची मजल गेली. दोन रुग्णांवरून साऱ्या मानवजातीवर उडी मारण्याचा हा उत्साह त्या काळच्या अमेरिकेत एकट्या पामर यांचाच नव्हता. आयोवाच्या शेजारी मिझुरी राज्यात अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये ऑस्टिओपथीची शाळा काढली होती आणि ते रक्तप्रवाहावर असाच भार टाकत होते.

या नव्या उपचाराला ‘कायरोप्रॅक्टिक’ हे ग्रीक वळणाचे नाव पामर यांचे रुग्ण आणि धर्मोपदेशक सॅम्युएल वीड यांनी सुचवले. १८९६ मध्ये संस्थेची पहिली नोंदणी झाली, तीही ‘मॅग्नेटिक क्युअर’च्या नावाने, जुना धंदा अजून सुटला नव्हता. शिक्षण काही महिन्यांचे, वर्ग दवाखान्याच्याच खोल्यांत, विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९०२ च्या तुकडीतून संस्थापकांचे चिरंजीव बार्टलेट जोशुआ पामर उत्तीर्ण झाले. सगळे त्यांना बी. जे. म्हणत. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते, आणि वडील कर्जापायी गाव सोडून पश्चिमेकडे निघून गेल्याने शाळा चालवायची जबाबदारी लगेचच त्यांच्यावर आली.

या पहिल्या दशकात मूळ विचार स्थिर नव्हता. सुरुवातीला संस्थापकांच्या लिखाणात जागचे हललेले भाग एकमेकांवर घासून दाह निर्माण करतात, अशी कल्पना होती. रक्तवाहिन्याही तीत होत्या. १९०३ च्या सुमारास सारा भर मज्जातंतूंवर आला: दोन मणक्यांच्या मधल्या छिद्रातून बाहेर पडणारा तंतू चिमटला जातो, असे ते म्हणू लागले. माणसाला पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या असतात आणि त्यातल्या बहुतेकांना याच छिद्रांतून जावे लागते, तेव्हा कल्पना डोळ्यांपुढे उभी राहण्याजोगी होती. आपल्याकडे घरोघरी ‘शीर दबली’ म्हणतात, त्याच जातीची. १९१० च्या आपल्या जाडजूड ग्रंथात मात्र वडील पामर यांनी चिमटण्याची कल्पना सोडून दिली. मज्जातंतू फार ताणला गेला किंवा फार ढिला पडला की त्याचे कंपन बिघडते, असे ते आता मांडत होते. या ताणाला त्यांनी ‘टोन’ म्हटले. चिरंजीवांनी हा बदल मानला नाही. ते आयुष्यभर चिमटलेल्या तंतूबरोबरच राहिले, आणि शाळेत तेच शिकवले गेले.

पितापुत्रांचे बिनसण्यामागे केवळ सिद्धान्त नव्हता. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल डी. डी. पामर यांना शिक्षा झाली. साडेतीनशे डॉलर दंड भरा, नाही तर तुरुंगात जा, असा निकाल लागला. त्यांनी तत्त्व म्हणून तुरुंग पत्करला; काही आठवड्यांनी दंड भरून बाहेर आले, तेव्हा शाळेतला आपला वाटा बी. जे. यांना विकण्याखेरीज त्यांच्यापुढे वाट उरली नव्हती. ओक्लाहोमा, ओरेगॉन, कॅलिफोर्निया असे भटकत त्यांनी इतर शाळा काढून पाहिल्या. २० ऑक्टोबर १९१३ रोजी लॉस एंजेलिस येथे विषमज्वराने त्यांचे निधन झाले. संस्थापक आपल्याच संस्थेबाहेर वारले, ही बोच संस्थेच्या इतिहासात राहिली आहे.

याच काळात विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस गावी १९०७ मध्ये एक खटला उभा राहिला, आणि मज्जातंतूंच्या विचाराला अनपेक्षित ठिकाणी उपयोग सापडला. शेगातारो मोरिकुबो हे जपानी वंशाचे पामर पदवीधर तिथे व्यवसाय करत होते. परवान्याशिवाय ऑस्टिओपथी केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. वकील टॉम मॉरिस यांनी बचाव असा केला: ऑस्टिओपथीचा सिद्धान्त रक्ताचा आहे, माझ्या अशिलाचा मज्जातंतूंचा, दोन्हींचे तत्त्वज्ञान वेगळे, पद्धत वेगळी, तेव्हा हा ऑस्टिओपथी करतच नव्हता. पंचांनी मोरिकुबो यांना निर्दोष ठरवले. त्यानंतर पकडल्या गेलेल्या कायरोप्रॅक्टरच्या बचावाचा हा ठरलेला मसुदा झाला. विज्ञानात बदल होण्यासाठी सिद्धान्त लवचिक असावा लागतो. न्यायालयात तग धरण्यासाठी तो न हलणारा असावा लागतो. पामर शाळेने दुसरे निवडले, आणि बिनपरवाना व्यवसाय करणाऱ्या शेकडो पदवीधरांचे संसार त्यावर अवलंबून असताना दुसरे काही निवडणे कठीण होते. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये स्वतंत्र परवान्याचा कायदा केला. अमेरिकेतले शेवटचे राज्य लुइझियाना. तिथे कायदा व्हायला १९७४ उजाडले. मधल्या साठ वर्षांत तुरुंगवास हा या व्यवसायातल्या अनेकांच्या चरित्राचा भाग होता.

बी. जे. यांनी शाळेला संस्थेचे रूप दिले. ब्रॅडी स्ट्रीटवरची एकेक इमारत घेत त्यांनी वर्ग, दवाखाना, छापखाना, सभागृह उभे केले. मानवी सांगाड्यांचा आणि सुट्या मणक्यांचा त्यांनी जमवलेला संग्रह पाहायला डॉक्टरही येत. झिजलेले, जुळून गेलेले, जन्मतः वाकडे मणके तिथे प्रत्यक्ष हाताळता येत. १९१० मध्ये त्यांनी क्ष-किरण यंत्र आणले. रॉन्टगेन यांनी या किरणांचा शोध लिलार्ड यांच्या उपचारानंतर दोनच महिन्यांत लावला होता. हाताने जाणवलेला मणका चित्रात दिसला पाहिजे, हा आग्रह शास्त्रीय होता. पण शुद्ध हस्तोपचारात यंत्र आणल्याबद्दल काही अध्यापक नाराज झाले आणि त्यांच्यापैकी जॉय लोबान यांनी त्याच गावात दुसरे विद्यालय काढले.

या उभारणीत मेबल हीथ पामर यांचा वाटा वेगळा सांगायला हवा. १९०४ मध्ये त्यांचा बी. जे. यांच्याशी विवाह झाला, पुढच्या वर्षी त्या पदवीधर झाल्या आणि शरीररचनाशास्त्र शिकवू लागल्या. त्यांचे या विषयावरचे पाठ्यपुस्तक १९१८ मध्ये निघाले. शाळेत प्रारंभापासून स्त्री विद्यार्थी होत्या, हे त्या काळच्या वैद्यकीय शिक्षणाशी ताडून पाहिले तर लहान गोष्ट नाही. या उदारपणाला मर्यादाही होती. ज्यांच्या पाठीवर पहिला उपचार झाला ते लिलार्ड कृष्णवर्णीय होते. त्यांच्या समाजातल्या विद्यार्थ्यांना मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पामर शाळेची दारे बंद राहिली.

पहिल्या महायुद्धाहून परतलेले सैनिक सरकारी साहाय्याने शिकायला आले आणि विसाच्या दशकाच्या आरंभी विद्यार्थिसंख्या दोन हजारांवर गेली. १९२२ मध्ये बी. जे. यांनी एक छोटे रेडिओ केंद्र विकत घेऊन शाळेच्या गच्चीवर आणले. ‘डब्ल्यूओसी’ या त्याच्या अक्षरांचा अर्थ ‘वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक’ असा लावला जाई. संगीत, हवामान, बाजारभाव आणि मधूनमधून आरोग्यावरची भाषणे असा कार्यक्रम असे. दहा वर्षांनी याच केंद्राने एका होतकरू तरुणाला फुटबॉलचे सामने सांगायला ठेवले. त्याचे नाव रोनाल्ड रेगन.

भरभराटीच्या शिखरावर असताना संस्थेने स्वतःच्या हाताने संकट ओढवून घेतले. ऑगस्ट १९२४ च्या वार्षिक मेळाव्यात बी. जे. यांनी ‘न्यूरोकॅलोमीटर’ हे उपकरण मांडले. मुठीत मावेल अशा या उपकरणाला दोन टोके होती. ती कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना त्वचेवर टेकवून मानेपासून खाली सरकवायची. टोकांत दोन धातूंचे जोड होते. दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक पडला की सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होऊन तबकडीवरचा काटा हलायचा. चिमटलेला मज्जातंतू उष्णता सोडतो, तेव्हा काटा हलला तिथे अडथळा, असे त्यामागचे गृहीत. तापमान उपकरण बरोबर मोजत होते. पण त्वचेची उष्णता रक्तप्रवाह, घाम, नुकताच अंगावरून काढलेला कोट अशा अनेक कारणांनी बदलते, आणि काटा त्यात भेद करत नाही. रुग्णाला मात्र पहिल्यांदाच आपला अदृश्य आजार काट्याच्या टोकावर दिसू लागला.

बी. जे. यांनी हे उपकरण विकले नाही, भाड्याने दिले. भाडे दोन हजार डॉलरांच्या वर गेले. त्या काळात एवढ्या पैशात पाच-सहा फोर्ड गाड्या येत. उपकरणाशिवाय केलेला उपचार अपुरा, असेही जाहीर झाले. ज्यांनी पकडले जाण्याचा धोका पत्करून गावोगावी व्यवसाय रुजवला होता, त्या पदवीधरांना हे सहन होण्यासारखे नव्हते. जुन्या निष्ठावंतांनी पाठ फिरवली, व्यवसायाची संघटना फुटली, आणि शाळेतल्या चार नामांकित अध्यापकांनी १९२६ मध्ये इंडियानापोलिसला लिंकन कायरोप्रॅक्टिक कॉलेज काढले. विद्यार्थिसंख्या ओसरून काही शेकड्यांवर आली. पाठोपाठ मंदी आली. बी. जे. यांना मोजमापाची खरी ओढ होती. मोजलेल्या आकड्याचा अर्थ आपल्या सिद्धान्ताविरुद्धही जाऊ शकतो, एवढे मात्र त्यांनी कधी गृहीत धरले नाही.

तरीही शाळा बंद पडली नाही. तीसच्या दशकाच्या आरंभी बी. जे. यांनी साऱ्या कण्याऐवजी मानेच्या वरच्या दोनच मणक्यांवर लक्ष एकवटले. मेंदूचा बुंधा जिथून खाली उतरतो तिथेच अडथळा शोधायचा, असे हे तंत्र. १९३५ मध्ये संशोधन-दवाखाना सुरू झाला. रक्त-लघवीच्या तपासण्या, हृदयाचा आलेख, क्ष-किरण चित्रे उपचारापूर्वी आणि उपचारानंतर घेतली जात. मेंदूतून निघणारी ‘मानसिक प्रेरणा’ मज्जातंतूंतून वाहताना मोजण्यासाठी एक विद्युत्-यंत्रही बसवले होते. त्याचे नाव ‘इलेक्ट्रोएन्सेफॅलोन्यूरोमेंटिम्पोग्राफ’. यंत्रापेक्षा नावच अधिक काळ टिकले. नोंदी हजारो पानांच्या झाल्या, पण उपचार न केलेल्या रुग्णांशी तुलना करण्याची रीत तिथे नव्हती, त्यामुळे त्यांतून निष्कर्ष निघू शकला नाही.

२७ मे १९६१ रोजी बी. जे. पामर यांचे निधन झाले. सूत्रे त्यांचे चिरंजीव डेव्हिड पामर यांच्याकडे आली. ते पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात व्यापारशास्त्र शिकलेले, वृत्तीने शांत गृहस्थ. आजोबांनी कल्पना दिली, वडिलांनी ती गाजवली. नातवाच्या वाट्याला तुटलेले जोडण्याचे काम आले. खाजगी शाळेचे महाविद्यालय झाले, कारभार विश्वस्तांकडे गेला, प्रवेशाच्या अटी वाढल्या, मूलभूत विज्ञाने शिकवायला त्या त्या विषयातले पदवीधर नेमले गेले. यातली एकही गोष्ट वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्यासारखी नव्हती. पण या सतरा वर्षांच्या कामाखेरीज पुढच्या काळात संस्था उभी राहिली नसती. १९७८ मध्ये डेव्हिड पामर वारले, तोवर व्यवसायाच्या मान्यता-मंडळाला सरकारमान्यता मिळालेली होती आणि सरकारी मेडिकेअर विम्यात या उपचाराचा समावेशही झाला होता. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात आणि २००२ मध्ये फ्लोरिडातील पोर्ट ऑरेंज येथे संस्थेच्या शाखा निघाल्या.

बाहेरचा संघर्ष मात्र याच काळात तीव्र झाला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली; कायरोप्रॅक्टिकला आवर घालणे हे तिचे मुख्य काम होते. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण पाठवणे, त्याच्याशी चर्चा करणे नीतिबाह्य ठरले. चेस्टर विल्क आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग असल्याचा निर्णय दिला आणि १९९० मध्ये अपिलातही तो कायम राहिला. हा निकाल व्यापाराच्या कायद्याचा होता. मणका आणि मज्जातंतू यांच्या संबंधाविषयी न्यायालयाने काही सिद्ध केले नाही, हे विजयाच्या उत्साहात पुष्कळदा विसरले जाते.

त्या प्रश्नाचा निवाडा दुसरीकडे चालू होता. १९७३ मध्ये येल विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ एडमंड क्रेलिन यांनी मृत शरीरांतून काढलेले कणे यंत्रात बसवून पिळले, वाकवले, दाबले. मणक्याभोवतीचे बंध फाटण्याइतका जोर लावेपर्यंत छिद्रातला मज्जातंतू दाबला जात नाही, असे त्यांना आढळले. छिद्रात तंतूभोवती मोकळी जागा बरीच असते. चकती बाहेर आल्याने किंवा हाड वाढल्याने तंतू दाबला जातो, यात शंका नाही. अशा रुग्णाचा पाय बधिर होतो, बळ जाते. पण मणका किंचित सरकून तंतू चिमटतो, हे जुने चित्र या प्रयोगाने मोडीत काढले.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, अमेरिकन सरकारच्या मज्जाविकार संस्थेने बेथेस्डा येथे परिषद बोलावली. कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपथ, डॉक्टर आणि मज्जाशास्त्रज्ञ प्रथमच एका टेबलाभोवती बसले. मज्जारज्जूपासून निघालेली तंतूंची मुळे दाबाला पुढच्या तंतूंपेक्षा अधिक नाजूक असतात, हे सेठ शार्पलेस यांनी तिथे दाखवले. एकूण निष्कर्ष कोरडा निघाला: मणक्यावरील उपचार उपयोगी आहे की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा कोणत्याही बाजूला नाही. ज्यांना विजय हवा होता ते निराश झाले. संशोधन हवे असलेल्यांना दिशा मिळाली. नव्या पिढीचे उदाहरण म्हणजे स्कॉट हॅल्डमन. १९६४ मध्ये ते पामरमधून पदवीधर झाले, पुढे मज्जाशरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि वैद्यकीय पदवी घेऊन मज्जाविकारतज्ज्ञ झाले. व्यवसायाच्या मूळ कल्पना शास्त्राच्या भाषेत तपासणारे त्यांचे संपादित ग्रंथ अनेक महाविद्यालयांत वापरले गेले.

१९९५ मध्ये पामर सेंटर फॉर कायरोप्रॅक्टिक रिसर्च सुरू झाले. केंद्र सरकारचे संशोधन-अनुदान मिळू लागले आणि कायरोप्रॅक्टिकच्या आवारात मज्जाशास्त्राची खरी प्रयोगशाळा आली. जोएल पिकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे तिथले काम थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पाठीच्या खोल स्नायूंत धाग्यासारखे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला, हे ते मज्जारज्जूला सतत कळवत असतात. डोळे मिटूनही आपण वाकलो आहोत की ताठ, हे आपल्याला कळते त्यात त्यांचा वाटा आहे. भूल दिलेल्या मांजराच्या कमरेतल्या एकेका संवेदकाचा तंतू वेगळा करून त्याचे विद्युत्संदेश नोंदवायचे आणि यंत्राने मणक्यावर ठरावीक जोराचा, ठरावीक वेळेचा झटका द्यायचा, असा प्रयोग होता. तेवढाच जोर सावकाश लावला तर संदेश थोडे वाढत. झटक्याचा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाजवळ आला की ते एकदम उसळत. कायरोप्रॅक्टरच्या हाताचा झटकाही साधारण एवढ्याच वेळेचा असतो.

म्हणजे मणक्यावरील उपचाराचा मज्जासंस्थेशी संबंध आहे, पण तो चिमटा काढण्याचा नव्हे. पाठीच्या स्नायू-सांध्यांतून मज्जारज्जूत जाणाऱ्या संदेशांचा ओघ क्षणभर बदलण्याचा आहे. या बदलाने वेदना का कमी होते, किती काळ होते, मेंदू त्याचा अर्थ कसा लावतो, यावर काम चालू आहे. झटक्याबरोबर होणारा ‘कट्’ आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. बोटे मोडताना होतो तसा तो सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार झाल्याचा असतो. बहिरेपण, दमा, हृदयविकार बरे होतात या जुन्या दाव्यांना प्रयोगशाळेने दुजोरा दिला नाही. ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्ये मणका जागचा हलण्याला, म्हणजे ‘सबलक्सेशन’ला, ऐतिहासिक संकल्पना म्हटले आणि ती आजाराचे कारण असल्याचा पुरावा नाही, असे सांगितले. व्यवसायात यावर आजही दोन तट आहेत, आणि पामरचे पदवीधर दोन्ही तटांत सापडतात.

उपचाराची व्याप्ती जितकी आखूड झाली, तितका पुरावा पक्का होत गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पामर केंद्राच्या क्रिस्टीन गोर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन लष्करी रुग्णालयांतले कंबरदुखीचे ७५० सैनिक घेतले. निम्म्यांना नेहमीचे वैद्यकीय उपचार मिळाले. निम्म्यांना त्याशिवाय कायरोप्रॅक्टिकही. सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाचे दुखणे आणि हालचालीतली अडचण पहिल्यापेक्षा माफक, पण स्पष्ट कमी झालेली दिसली. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याच्या आदल्या वर्षीच कंबरदुखीच्या बिनऔषधी उपचारांत मणक्यावरील हस्तोपचाराचा समावेश केला होता. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने पोळलेल्या देशात या माफक फरकालाही किंमत आहे. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत आता कायरोप्रॅक्टर नेमलेले असतात आणि विद्यार्थी तिथे अनुभवासाठी जातात. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही विम्याच्या यादीत हा उपचार आढळतो. गावच्या हाडवैद्याची आठवण असलेल्यांना तो फारसा परका वाटत नाही.

आज पामरमध्ये पदवीपूर्व शिक्षणानंतरचा डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक अभ्यासक्रम चालतो. त्यात शवविच्छेदन, मज्जाशरीरशास्त्र, क्ष-किरण निदान आणि दवाखान्यातला दीर्घ सराव येतो. मज्जासंस्थेची तपासणी शिकताना विद्यार्थी हातोडीने गुडघ्याची प्रतिक्रिया पाहतो, टाचणीने कातडीची संवेदना तपासतो, पायाच्या अंगठ्याचे बळ आजमावतो, आणि कोणत्या मणक्यापाशी बिघाड असावा याचा अंदाज वहीत लिहितो. धोक्याच्या खुणा ओळखणेही या शिक्षणात येते. मानेवरच्या उपचारानंतर क्वचित रक्तवाहिनीला चीर जाऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. अशी चीर आधीच असेल, तर तिची पहिली खूण पुष्कळदा मानदुखी किंवा डोकेदुखी हीच असते, म्हणून अचानक उठलेल्या, कधी न अनुभवलेल्या मानदुखीकडे संशयाने पाहायचे असते. कंबरदुखीच्या रुग्णाला मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूच्या टोकाशी असलेला तंतूंचा जुडगा दाबला जात असण्याचा धोका असतो. अशा वेळी मणक्याला हात लावायचा नाही, रुग्णाला त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचे.